फ्यूजच्या जागीं तार

दिवाळी सरून थंडी पडूं लागली, म्हणजे आमच्या उंब्रजच्या रस्त्यांवर उसाचें राज्य सुरू होतें. तारळी व कृष्णा यांच्या संगमाच्या आसपासच्या काळ्या रानांतून निघालेला ऊस एकामागें एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत छपराइतका उंच रचून ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेस लागतात. कोणी यशवंतनगरकडे, कोणी रेठरे बुद्रुककडे. पहाटेपर्यंत ही रांग तुटत नाहीं. ज्या महामार्गास पूर्वीं ४ हा क्रमांक होता व आतां ४८ आहे, त्या पुणें-बंगळूर रस्त्यानें यांपैकीं कित्येकांना कांहीं अंतर जावें लागतें. आणि त्याच रस्त्यानें मोटारी, मालट्रक व एस. टी. गाड्या त्यांच्या चौपट वेगानें धांवत असतात. हें दृश्य ज्यानें रात्रीं पाहिलें असेल त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे आपले डोळे दिपवितात. पण तोच ट्रॅक्टर आपल्या पुढें चालला असला तर त्याच्या ट्रॉलीमागें कित्येक वेळां कांहींच दिसत नाहीं. अंधारांत अंधाराचाच एक ढीग सरकत असतो.

हा फरक कां पडावा, याचा विचार करण्यास मला माझ्याच गाडीनें भाग पाडिलें. ती हकीकत सांगतांना संकोच वाटतो. कारण तींत दोष सर्वस्वीं माझा आहे. तथापि जो विषय मी वर्गांत शिकवितों त्याच विषयांत मी कसा नापास झालों, हें माझ्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचावें यांत वावगें कांहींच नाहीं.

माझ्यापाशीं एक जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली मोटार आहे. एका पावसाळ्यांत तिच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज वारंवार जाऊं लागला. नवा घालावा, तो चार दिवस चालावा, पुनः जावा. एके सायंकाळीं मसूर स्टेशनावर पाहुण्यांस आणावयास निघालों असतां तो पुनः गेला. जवळ दुसरा नव्हता, आणि आगगाडीची वेळ होत आलेली. मीं घरांतील वायरचा एक तुकडा सोलला, तांब्याचे चार तंतू जळक्या फ्यूजच्या दोन्ही पायांना गुंडाळले व तो जागच्या जागीं दाबून बसविला. दिवे लागले. मला स्वतःच्या चातुर्याचें कौतुकच वाटलें! उद्यां बरा फ्यूज घालूं, असें मनाशीं म्हटलें. परंतु त्यानंतर दिवे एकदांहि गेले नाहींत, आणि जी वस्तु तक्रार करीत नाहीं तिच्याकडे कोण पाहतो? तार तशीच राहिली.

नाताळच्या रात्रीं आम्ही सर्व मंडळी साताऱ्याहून उपासना आटोपून परत येत होतों. मागच्या बाकावर दोन्ही मुलें झोंपलीं होतीं. अतीत मागें पडलें, काशीळ आलें, आणि कांहींतरी जळल्याचा वास येऊं लागला. प्रथम वाटलें, कोणी रानांत पाचट पेटविलें असेल. इतक्यांत मागून आलेला एक मालट्रक भोंगा वाजवीत अगदीं चाटून जावा तसा बाजूनें निघून गेला, व त्याचा ड्रायव्हर खिडकींतून हात बाहेर काढून आमच्यावर ओरडला. मीं गाडी कडेला घेतली तों डॅशबोर्डच्या खालून धूर येत होता. पत्नीनें मुलांना उचलून रस्त्याखालीं नेलें, व मोबाइलचा दिवा हालवीत ती गाडीच्या मागें बऱ्याच अंतरावर जाऊन उभी राहिली. मी बॉनेट उघडून बॅटरीचें टर्मिनल सोडवूं लागलों. तें निघेना. हातांत पान्हा नव्हता, घरीं होता.

मदतीस कोण थांबला म्हणाल, तर उसाचा एक ट्रॅक्टरवाला. भला माणूस. त्यानें आपल्या पान्ह्यानें टर्मिनल सोडवून दिलें, धूर थांबला, आणि "लेकरं बरी हायती न्हवं?" असें विचारून तो आपल्या ट्रॅक्टरवर चढला. तो पुढें निघाला तेव्हां मीं पाहिलें, त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांच्या मागें ठिपक्याएवढाहि दिवा नव्हता. मीं धांवत जाऊन त्यास तें सांगितलें. तो हांसून म्हणाला, "मागच्याच्या गाडीला लाइट हाय न्हवं, दादा? त्यो बघतुया की."

हें उत्तर मी विसरूं शकलेलों नाहीं. कारण तें एका माणसाचें नव्हे, तें आपणां सर्वांचें आहे. पुढचा दिवा बिघडला तर आपण दुसऱ्या दिवशीं सकाळीं गॅरेजांत उभे राहतों, कारण त्यावांचून आपल्याला दिसत नाहीं. मागचा दिवा महिनेच्या महिने बंद राहतो, कारण त्याचा उजेड आपल्याकरितां नसतोच. गाडीवर असलेली ही एकच वस्तु अशी आहे, कीं जिचा पैसा आपण द्यावयाचा आणि उपयोग अनोळखी माणसानें करावयाचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागला पाहिजे असा नियम झाला. तो चांगलाच झाला. पण मागचा बल्ब शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यास स्वारास खालीं उतरून मागें जावेंच लागतें, आणि तेथेंच आपण कंटाळा करितों.

"तो बघतोच आहे" या म्हणण्याचा खरेपणा गणितानें तपासून पाहूं. समोरून वाहनें येत असतां दिवे खालीं केलेले असतात. अशा उजेडांत दिवा नसलेली काळसर वस्तु सुमारें ५० मीटरांवर आल्यावर दिसूं लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदास २२ मीटर जाते. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यांत ३३ मीटर संपले. पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास निदान ३५ मीटर लागतात. एकूण ६८. म्हणजे मागचा मनुष्य शुद्धींत असून, डोळे उघडे ठेवून, पूर्ण दक्षतेनें गाडी हांकीत असूनहि त्याला १८ मीटर कमी पडतात. तो बघतो खरा. पण बघून होईपर्यंत उशीर झालेला असतो. तोच तांबडा दिवा लागलेला असेल तर तो कितीतरी आधींच दिसतो.

कोणी म्हणेल, हंगामाच्या आरंभीं ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, ते पुरेसे नाहींत काय? लावतात, व लावणाऱ्यांचें काम स्तुत्य आहे. परंतु रिफ्लेक्टर हा दिवा नव्हे; तो दुसऱ्याचा उजेड परत पाठवितो, स्वतःचा देत नाहीं. त्यावर चिखल बसला, किंवा उसाचे वाढे लोंबून तो झांकला गेला, कीं संपलें. वळणावर मागच्या गाडीचा झोत त्यावर पडतच नाहीं. (पंक्चर झालेल्या ट्रॉलीमागें दगड मांडून ठेवण्याची आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तेथेंच टाकून जाण्याची जी रीत आहे, तिजविषयीं स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.)

असो. माझ्या गाडीकडे वळतों. जळलेलें वायरिंग मिस्त्रीनें बदललें. त्याचें बिल या अंकांत छापण्यासारखें नाहीं. पण फ्यूज मुळांत कां जात होता हा प्रश्न शिल्लकच होता. कारण नवा घातलेला फ्यूजहि आठ दिवसांत गेला. तो शोध लावला आमच्याच शाळेंतील दहावीच्या एका विद्यार्थ्यानें. आपलें नांव छापूं नये असें त्याचें म्हणणें आहे. त्याच्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे, व सुट्टींत तो एका मिस्त्रीच्या हाताखालीं बसत असतो.

त्यानें इंडिकेटरचा २१ वॅटचा एक जुना बल्ब घेतला व त्याच्या होल्डरला दोन लांब वायरी जोडल्या. त्या फ्यूजवर चालणारे सारे बारीक दिवे होल्डरांतून काढून ठेविले. मग फ्यूजच्या रिकाम्या खांचांत त्या दोन वायरींचीं टोकें बसविलीं आणि स्विच लावला. बल्ब पेटला नाहीं. हें बरोबरच होतें. सर्व दिवे काढलेले, तेव्हां प्रवाहास जावयास वाटच नाहीं. "आतां सर, तुम्ही बल्बाकडं बघत बसा," असें म्हणून तो वायरिंगच्या कडेकडेनें हात फिरवीत, एकेक जागा हालवीत गाडीच्या मागें गेला. सीटखालीं कांहीं नाहीं. चाकावरच्या पत्र्यापाशीं कांहीं नाहीं. त्यानें डिकीचें झांकण खालींवर केलें, आणि माझ्या हातांतला बल्ब लखकन् पेटला! नंबर प्लेटच्या दिव्याकडे जाणारी वायर बिजागरीपाशीं घांसून उघडी पडली होती. खड्ड्यांत गाडी आदळली कीं ती पत्र्यास टेंकत असे. वीतभर वायर, थोडी टेप आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा, एवढ्यावर तो दोष कायमचा गेला. शोध चालू असतांना एकहि फ्यूज खर्ची पडला नाहीं. कारण जो प्रवाह एरवीं सैरावैरा धांवून फ्यूज जाळता, त्याला त्या बल्बानें वाटेंत अडवून धरिलें होतें. मीं विचारलें, "हें तूं कोठें शिकलास?" तो म्हणाला, "पुस्तकांत नाहीं सर. मिस्त्रींनीं दाखविलं."

हें वाक्य मला, ट्रॅक्टरवाल्याच्या वाक्याहूनहि, अधिक लागलें. वस्तुतः पुस्तकांत सर्व आहे. नववींत ओमचा नियम आहे. दहावींत विद्युत्धारेचे परिणाम आहेत, त्यांत फ्यूज आहे, शॉर्ट सर्किटहि आहे. आमचीं मुलें त्यावरील उदाहरणें सोडवून पैकींच्या पैकीं गुण मिळवितात. आणि त्याच रात्रीं घरीं वडील फ्यूजच्या जागीं तार, नाहींतर सिगारेटच्या पाकिटांतील चांदी घालीत असतां हींच मुलें बॅटरी धरून उभीं असतात, व तोंडांतून शब्द काढीत नाहींत! ज्या गेऑर्ग ओमचें नांव त्या नियमास आहे तो स्वतः कोलोन शहरांतील एका शाळेंत शिक्षक होता, व तेथेंच त्यानें तारांवर आपले प्रयोग केले. त्याचा ग्रंथ १८२७ मध्यें निघाला तेव्हां स्वदेशांत त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें त्यास पदक दिलें. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, पण त्याचा नियम आमच्या परीक्षेच्या वहींतून गॅरेजपर्यंत चालत गेलेला नाहीं. हा दोष मुलांचा नव्हे. आम्हां शिकविणाऱ्यांचा आहे.

फ्यूजच्या जागीं तार घालण्यांत नेमकें काय होतें, तें पुनः एकदां पाहूं. ज्या फेऱ्यावर १० अँपियरचा फ्यूज असतो त्याची वायरहि त्याच बेताची असते. तेथें ३० अँपियरचा फ्यूज घातला, तर दोष उत्पन्न झाल्यावर तिप्पट प्रवाह वाहूं शकतो. आणि उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते हें मद्याच्या कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल यानें १८४१ मध्यें जगापुढें मांडलें, व आम्हीं तें सूत्र म्हणून पाठ केलें. जाड तार घातली तर मर्यादा मुळींच उरत नाहीं. मग सबंध वायरिंगच फ्यूज होऊन बसतें. फरक इतकाच, कीं फ्यूज आपल्या डब्यांत निमूटपणें वितळतो, आणि वायर सीटखालीं, गादीच्या काथ्याजवळ किंवा पेट्रोलच्या नळीजवळ वितळते. माझ्या गाडीचा फ्यूज त्या पावसाळ्यांत जितक्या वेळां गेला तितक्या वेळां तो मला एकच गोष्ट सांगत होता. मीं त्याच्या तोंडांत बोळा घातला.

पालकांपैकीं कांहीं जण म्हणतील, "गुरुजी, रात्रीं रानांत गाडी अडल्यावर हें शास्त्र काय कामाचें? तार घातली म्हणून घरीं तरी पोंचलों." हा आक्षेप मी उडवून लावीत नाहीं, मी स्वतः त्याच मोहास बळी पडलों. पण त्यावर तोडगा सोपा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत चपट्या पायांचे फ्यूज असतात व त्यांचे रंग ठरलेले आहेत: १० अँपियरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. प्रत्येकीं दोन फ्यूज कागदांत गुंडाळून गाडीच्या खणांत टाकून ठेवावे. त्यांचा खर्च एका वेळच्या चहाइतका. तेहि नसले, तर त्याच रंगाचा फ्यूज रेडिओच्या जागेवरून काढून दिव्यास द्यावा. रेडिओवांचून घरीं जातां येतें. आणि तोहि लागलाच गेला, तर दोष फ्यूजमध्यें नाहीं हें निश्चित समजून, गाडी कडेला घेऊन थांबावें. तिसरा घालूं नये.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे: हें मिस्त्रीचें काम, मुलांनीं अभ्यास करावा. मी विचारतों, त्या मुलानें डिकीपाशीं जो केला तो अभ्यास नव्हता तर काय होतें? त्यानें आधीं अनुमान केलें, मग तें तपासण्यास साधन उभें केलें, मग एकेक शक्यता वगळीत खऱ्या कारणापाशीं पोंचला. प्रयोगवहींत आम्ही याच गोष्टींना शीर्षकें देऊन लिहून घेतों. मात्र तेथें उत्तर आधींच ठाऊक असतें. शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ज्यांनीं १९१० मध्यें वसविली ते लक्ष्मणराव किर्लोस्कर पूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. हाताला तेल लागल्यानें विद्या बाटते, हा समज त्यांनीं तरी बाळगिला नव्हता.

शिवाय दोष शोधण्याची जी रीत, ती आमच्या शेतकरी पालकांस अगदीं नवी आहे असेंहि नाहीं. ज्यांच्या रानास नदीवरून पाइपलाइन आली आहे त्यांना विचारा. शेवटच्या टोकाला पाणी आलें नाहीं, तर ते मोटरपासून बांधापर्यंत सबंध चर खणीत सुटतात काय? ते मधला व्हॉल्व्ह उघडून पाहतात. तेथें पाणी असलें तर बिघाड पुढें, नसलें तर मागें. एका तपासणींत निम्मी वाट सुटली. दिव्याचें असेंच आहे. बल्ब काढून उजेडांत धरून त्याची तार तुटली आहे का तें पाहावें, फ्यूज पाहावा, दोन्ही ठीक असतील तर टेस्ट लॅम्पची एक वायर गाडीच्या स्वच्छ घासलेल्या लोखंडास लावून दुसरी मधल्या जोडावर टेंकवावी. पेटला तर पुढें शोधा, नाहीं तर मागें. पाण्याच्या बाबतींत जी अक्कल आपण रोज वापरतों ती विजेच्या बाबतींत अचानक सोडून देऊन बल्ब बदल, होल्डर बदल, फ्यूज बदल, असे अंधारांत हातपाय मारीत बसतों, याचें मला नवल वाटतें.

आतां ट्रॉलीचा दिवा इतक्या वेळां कां बिघडतो, हें सांगितलें पाहिजे. कारण येथें पुष्कळदां ना बल्ब गेलेला असतो, ना फ्यूज. गाडीच्या बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक वायर जाते. प्रवाहाची परतीची वाट मात्र वायरीची नसते, गाडीच्या लोखंडाचीच असते. तिलाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्यें हें लोखंड कोठें जोडलेलें असतें? फक्त हूक आणि त्यांतील खीळ यांपाशीं. त्या जागीं ग्रीस, माती व गंज यांचा थर. दुसऱ्या ट्रॉलीस तर असे दोन थर ओलांडावयाचे. रस्ता सपाट असला तर दिवा लागतो, हिसका बसला कीं विझतो, आणि मालक म्हणतो, बल्ब खराब निघाला. याची एक खूण सांगतों. ब्रेक दाबला असतां मागचा दिवा तेजस्वी होण्याऐवजीं मंद होऊं लागला, किंवा इंडिकेटरबरोबर दुसरेहि दिवे लुकलुकूं लागले, तर समजावें कीं परतीची वाट तुटली आहे, व प्रवाह दुसऱ्या बल्बांच्या तारांतून वाट काढीत घरीं जाण्याची धडपड करीत आहे. उपाय एकच: ट्रॅक्टरच्या लोखंडापासून पहिल्या ट्रॉलीस व तेथून दुसरीस, प्लगमधूनच, परतीची स्वतंत्र वायर ओढावी. हुकाच्या भरंवशावर राहूं नये. माझ्या मतें या एका वायरीनें जितके मागचे दिवे जिवंत राहतील तितके दुसऱ्या कोणत्याहि उपायानें राहणार नाहींत.

सांध्यावरचा गंज किती नुकसान करितो याचा आपल्याला अंदाज नसतो. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें प्रत्येक आईला ठाऊक आहे. तांब्याच्या तारेच्या उघड्या टोकावर पावसाळ्यांत तसाच हिरवा थर चढतो. या थरानें सांध्यांत केवळ अर्धा ओम रोध उत्पन्न झाला असें धरा. १२ व्होल्टवरील ५५ वॅटच्या दिव्याचे जवळजवळ दोन व्होल्ट त्या सांध्यांतच खर्च होतात. सहावा हिस्सा गेला, म्हणजे उजेडहि सहाव्या हिश्श्यानेंच कमी झाला असेल, असें वाटेल. पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षां कितीतरी झपाट्यानें उतरतो, व या हिशेबांत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. "बॅटरी उतरली" म्हणून नवी बॅटरी घेणाऱ्या कित्येकांचें काम पॉलिश कागदाच्या एका तुकड्यानें झालें असतें. उंदरांविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. ज्या शेडांत धान्य आणि ट्रॅक्टर एकत्र राहतात तेथें वायरी कुरतडल्या जाणारच. महिन्यांतून एकदां बॉनेट उघडून पाहणें एवढेंच हातांत आहे.

आमच्या उत्साही विद्यार्थ्यांना दोन गोष्टींची ताकीद देणें माझें कर्तव्य आहे. गाडीचे १२ व्होल्ट सहसा झटका देत नाहींत. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा आडवा पडला, किंवा बोटांतील आंगठी अथवा हातांतलें कडें टेंकलें, तर क्षणांत लाल होऊन मांस भाजतें. म्हणून आंगठी-कडें आधीं काढावें, बॅटरी सोडवितांना ऋण टर्मिनल प्रथम काढावें व लावतांना शेवटीं लावावें. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ काडी ओढूं नये. तीमधून हायड्रोजन निघत असतो, व तो पेट घेतो. तसेंच नव्या मोटारींत दिव्यांचा कारभार संगणकाकडे असतो, आणि एअरबॅगच्या वायरी, बहुधा पिवळ्या, तेथूनच जातात; तेथें हा बल्बाचा प्रयोग करूं नये, जाणत्याकडेच जावें. आणि येथें जें लिहिलें तें घरांतील २३० व्होल्टच्या विजेस लागू नाहीं, हें लहान मुलांच्या आईबापांनीं त्यांस स्पष्ट सांगावें.

माझी सूचना अशी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार शाळेनें या कामास द्यावा. पालकांनीं आपापले ट्रॅक्टर, ट्रॉल्या व दुचाक्या पटांगणांत आणाव्या. दहावीच्या मुलांनीं जोडीजोडीनें त्यांचे मागचे दिवे, ब्रेकचे दिवे व इंडिकेटर पाहून वहींत नोंद करावी. ज्यांचे बंद असतील त्यांचा दोष तेथेंच टेस्ट लॅम्पनें शोधावा. गांवांतील एक-दोन मिस्त्री देखरेखीस बोलवावे, व त्या दिवसापुरतें मुलांनीं त्यांना सर म्हणावें. टेस्ट लॅम्प विकत आणण्याची गरज नाहीं. इंडिकेटरचा बल्ब, होल्डर व हातभर वायरी पुरेत. गुणपत्रिकेंत त्याचे चार गुण धरावे, असेंहि मी मुख्याध्यापकांस सुचविलें आहे. तें त्यांना पटलें आहे असें दिसत नाहीं.

ज्या पालकांच्या गाडीचा फ्यूज सध्यां गेलेला असेल त्यांनीं तो फेंकून न देतां त्या दिवशीं खिशांत घेऊन यावें. म्हणजे त्याच्या रंगावरून नवा कोणता घालावयाचा तें सांगतां येईल. आणि ज्यांनीं तार घातली असेल त्यांनीं ती काढून आणावी. माझी, काळी पडलेली, प्रयोगशाळेच्या कपाटांत एका बाटलींत ठेविलेली आहे.